चार पौंड आठ शिलिंग : कर्नीबाईंचं प्रकरण

भांडण दिसायला किरकोळ आहे. मुलीने पियानोची साथ केली, ठरलेल्या मानधनातलं जेमतेम निम्मं हातात पडलं, आणि उरलेलं मध्यंतरात देऊ असं कबूल केलेल्या आयोजकांनी ऐनवेळी हात वर केले. आई म्हणाली, पैसे मिळाल्याशिवाय मुलगी पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही. आयोजकांनी दुसऱ्या मुलीला पियानोवर बसवलं आणि कार्यक्रम पुढे सुरू केला. आई नवऱ्याला गाडी बोलवायला सांगून मुलीसह निघून गेली. जेम्स जॉइसच्या ‘अ मदर’ या कथेत घडतं ते एवढंच. १९०५ मध्ये त्रिएस्त या (आज इटलीत असलेल्या) शहरात लिहिलेली ही कथा १९१४ साली ‘डब्लिनर्स’ या संग्रहात आली. १५ कथांपैकी ही १३वी.

या बाईंवरून वाचकांत मात्र आजवर एकमत झालेलं नाही. काहींच्या मते ही मुलीला पुढे रेटणारी, पैशाला चिकट, आगाऊ बाई, आणि जॉइसने तिची यथेच्छ टर उडवली आहे. नंतरच्या स्त्रीवादी वाचनाने बाजू उलटवली: करार झाला होता, काम झालं होतं, पैसे थकवले ते पुरुषांच्या कमिटीने, आणि बदनाम झाली ती मागणारी बाई. मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. बाईंचा हिशोब शेवटच्या शिलिंगापर्यंत बरोबर होता. पण ज्या गोष्टीसाठी त्या इतकी वर्षं खपत होत्या ती या हिशोबात कुठेच मांडलेली नव्हती. शिवाय ती द्यायची की नाही हे ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याकडेच त्या पैसे मागत होत्या.

मिस डेव्हलिन ते मिसेस कर्नी

कर्नीबाई माहेरच्या डेव्हलिन. चांगल्या कॉन्व्हेंटमध्ये फ्रेंच आणि संगीत शिकलेल्या. स्वभाव ताठ, त्यामुळे मैत्रिणी थोड्या. लग्नाच्या वयात त्यांना बऱ्याच घरी पाठवलं गेलं, तिथे त्यांच्या वादनाचं आणि हस्तिदंती रीतभातीचं कौतुक झालं. आपल्या गुणांच्या थंडगार रिंगणात त्या बसून राहिल्या. कुणीतरी धीर करून ते रिंगण ओलांडेल आणि झगमगतं आयुष्य देऊ करील अशी त्यांची अपेक्षा. आले ते तरुण अगदीच साधे निघाले. बाईंनी त्यांना दाद दिली नाही, आणि मनातली हौस चोरून टर्किश डिलाइट खाऊन भागवली. अख्ख्या कथेत मला याइतका बोचरा तपशील दुसरा सापडत नाही. चारचौघांत जिचं वागणं हस्तिदंती, तिची भूक दाराआडची आहे.

वय उलटायला आलं, ओळखीपाळखीच्या लोकांच्या जिभा सुटल्या, तेव्हा त्यांची तोंडं बंद करायची म्हणून बाईंनी लिफी नदीच्या काठी ऑर्मंड की इथे बूट बनवण्याचा धंदा असलेल्या मिस्टर कर्नींशी लग्न केलं. हे लग्न खुन्नशीपोटी झालं असं जॉइस आडपडदा न ठेवता सांगतो. नवरा वयाने बराच मोठा, दाट तपकिरी दाढीचा, निर्व्यसनी, काटकसरी, देवभीरू. वर्षभरात बाईंच्या लक्षात आलं की असा माणूस संसारात जास्त टिकतो. त्यांनी संसार नीट केला. नवऱ्याला खोकला झाला की पायांवर पिसांची रजई घालायच्या, कडक रम पंच करून द्यायच्या. परक्या घरी पार्टीत त्यांची भुवई जराशी वर गेली की मिस्टर कर्नी निरोप घ्यायला उठायचे. जनरल पोस्ट ऑफिसबद्दल वाटावा तसा आदर त्यांना नवऱ्याबद्दल वाटायचा: भलंमोठं, भक्कम, जागचं न हलणारं काहीतरी.

स्वप्नं मात्र त्यांनी टाकून दिली नव्हती. मोठी मुलगी कॅथलीन चांगल्या कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिथे ती काय शिकली? फ्रेंच आणि संगीत. आईच्या अभ्यासक्रमाची ही दुसरी आवृत्ती, फक्त या वेळी पुढे संगीत अकॅडमीची फीही भरली गेली. ती भरली बुटांच्या धंद्याने. मिस्टर कर्नी दर आठवड्याला एका सोसायटीत थोडी रक्कम टाकत, म्हणजे दोन्ही मुलींना २४व्या वर्षी हुंड्यासाठी प्रत्येकी १०० पौंड मिळावेत. दर जुलैत बाई कुठल्या ना कुठल्या मैत्रिणीच्या कानावर घालायच्या की आमचे हे आम्हाला काही आठवड्यांसाठी स्केरीजला धाडताहेत. स्केरीज नसलं तर हौथ, नाहीतर ग्रेस्टोन्स. सगळी डब्लिनजवळची समुद्रकाठची ठिकाणं. हवापालट होत असेलच, पण हे वाक्य बोलायला मिळणं हेही त्या सहलीचं एक फळ होतं.

मग आयर्लंडमध्ये आयरिश भाषेच्या आणि संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाचं वारं सुटलं. आयरिश भाषेसाठी झटणारी गेलिक लीग १८९३ची, फेश क्योल हा संगीत महोत्सव १८९७चा. १८९९ मध्ये कवी येट्सचं ‘द काउंटेस कॅथलीन’ हे नाटक रंगमंचावर आलं, आणि १९०२ मध्ये आयर्लंडलाच कॅथलीन या नावाच्या बाईच्या रूपात उभं करणारं नाटक डब्लिनने पाहिलं. अशा दिवसांत मुलीचं नाव कॅथलीन असणं ही आयती चालून आलेली संधी होती. बाईंनी घरी आयरिश भाषेचे शिक्षक आणले. मुली मैत्रिणींना आयरिश चित्रांची पोस्टकार्डं पाठवू लागल्या. विशेष रविवारी प्रो-कॅथीड्रल या डब्लिनच्या मुख्य कॅथलिक चर्चमधली प्रार्थना संपली की कॅथीड्रल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कर्नींच्या ओळखीची मंडळी जमायची, संगीतवाले आणि राष्ट्रवादी, आणि एकमेकांचा निरोप आयरिशमध्ये घ्यायची. मिस कॅथलीन कर्नी हे नाव लोकांच्या तोंडी येऊ लागलं. हुशार, सोज्वळ, शिवाय भाषेच्या चळवळीवर श्रद्धा असलेली. आई खूश.

यात ढोंग आहे का? आहे थोडं. पण कॅथीड्रल स्ट्रीटच्या त्या कोपऱ्यावर निर्मळ मनाने कोण उभं होतं हेही विचारायला हवं. ज्या ‘एरे अबू’ सोसायटीने पुढे कॅथलीनला बोलावलं तिचा सहायक चिटणीस होलोहन महिनाभर खिशात मळके कागद कोंबून डब्लिनभर लंगडत फिरत होता, कोपऱ्याकोपऱ्यावर तासन्‌तास वाद घालत होता, टिपणं करत होता, आणि शेवटी सगळी व्यवस्था लावली ती कर्नीबाईंनी. चळवळीचा उपयोग प्रत्येकजण आपापल्या परीने करून घेत होता. बाईंच्या हाताला फक्त नीटनेटकेपणा जास्त होता.

करार

डब्लिनच्या एन्शंट कॉन्सर्ट रूम्स या सभागृहात चार मोठे कार्यक्रम, कॅथलीन पियानोची साथ करणार, मानधन ८ गिनी. बाईंनी होलोहनला दिवाणखान्यात बसवलं, मद्याची सुरई आणि चांदीचा बिस्किटांचा डबा बाहेर काढला. जाहिरातीत कुणाचं नाव ठळक अक्षरांत, कुणाचं बारीक, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या टेनर (उंच पट्टीच्या) गायकाला मिस्टर मीडच्या विनोदी आयटमनंतर उभं राहायला आवडणार नाही, हेही. होलोहनला यातलं काही कळत नव्हतं. बाई सुचवत गेल्या आणि सुरई त्याच्याकडे सरकवत राहिल्या.

इथे गिनीपाशी थोडं थांबायला हवं. गिनी हे नाणं पाडणं १८१४ मध्येच बंद झालं होतं. कथेच्या काळात गिनी म्हणजे खिशात खुळखुळणारी वस्तू नव्हती, हिशोबाची एक पद्धत होती: २१ शिलिंग. पौंडाचे शिलिंग २०. डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार यांची फी गिनीत सांगितली जाई, दुकानातला माल पौंड-शिलिंगांत विकला जाई. प्रत्येक गिनीमागचा तो जादा शिलिंग म्हणजे, माझ्या वाचनात, प्रतिष्ठेचा शिलिंग. बुटांच्या धंद्यावर चालणाऱ्या घरातल्या मुलीचा करार गिनीत झाला यातच आईचं अर्धं काम फत्ते झालं होतं.

पैशाची गरज म्हणून हे चाललं नव्हतं, हे हिशोबावरूनच कळतं. कॅथलीनच्या पोशाखाच्या दर्शनी भागात लावायला बाईंनी ब्राउन थॉमसच्या दुकानातून फिक्या गुलाबी रंगाचं तलम रेशीम आणलं, आणि ते चांगलंच महाग पडलं. शेवटच्या कार्यक्रमाची दोन-दोन शिलिंगांची डझनभर तिकिटं स्वतः घेऊन, एरवी येतीलच अशी खात्री नसलेल्या मित्रमंडळींना धाडली. म्हणजे आणखी २४ शिलिंगांची पदरमोड. मिळणाऱ्या मानधनातला सातवा हिस्सा मिळण्याआधीच गेला, रेशीम वेगळंच.

एवढी व्यवहारचतुर बाई, पण पैसे कोणत्या दिवशी आणि कुणाच्या हातून मिळायचे याची तिने काही तजवीज केल्याचं कथेत दिसत नाही. होलोहन समोर बसला होता, पेला भरलेला होता, करार आकाराला येत होता. मागायचं ते तेव्हाच मागता आलं असतं. माझा तर्क असा की त्या दिवाणखान्यात ‘पैसे कधी देणार’ हे विचारणं बाईंना शोभेसं वाटलं नसतं. चांदीच्या बिस्किटडब्यासमोर असले प्रश्न काढत नाहीत. शनिवारी रात्री जे भांडण झालं त्याचं बी मला इथे दिसतं, त्या घरंदाज मौनात.

बुधवार ते शुक्रवार

बुधवारी बाई सभागृहात पोचल्या तेव्हाच त्यांना रंग बरा दिसला नाही. कोटावर निळेशार बिल्ले लावलेले काही तरुण दारात रिकामटेकडे उभे, आणि एकाच्याही अंगावर संध्याकाळच्या समारंभाचा पोशाख नाही. चिटणीस फिट्झपॅट्रिक म्हणजे पांढरट, कोऱ्या चेहऱ्याचा बुटका माणूस. डोक्यावर मऊ तपकिरी हॅट तिरकी, हातात कार्यक्रमपत्रिका, आणि बोलता बोलता तो त्या पत्रिकेचं एक टोक चावून चावून त्याचा ओला लगदा करत होता. ज्या पत्रिकेतल्या नावांचा क्रम आणि टाइप बाईंनी जिवापाड जुळवला होता तिची ही गत. सभागृह जवळजवळ रिकामं. होलोहनने मोकळेपणाने सांगून टाकलं की चार कार्यक्रम ठेवले ही कमिटीची चूक झाली, आता पहिले तीन जातील तसे जाऊ द्यायचे आणि चांगले कलाकार शनिवारसाठी राखायचे.

गुरुवारी गर्दी जरा बरी, पण बहुतेक फुकट पासांवर आलेली आणि तशीच वागणारी. त्याच रात्री कळलं की शुक्रवारचा कार्यक्रम रद्द, शनिवार हाऊसफुल्ल व्हावा म्हणून. बाईंनी होलोहनला गाठलं. तो कुणा तरुणीसाठी लेमोनेडचा ग्लास घेऊन लगबगीने लंगडत निघाला होता. कार्यक्रम कमी झाला म्हणून करार बदलत नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. होलोहन म्हणाला फिट्झपॅट्रिकशी बोला. फिट्झपॅट्रिकला मुद्दा चटकन कळेना, आणि कळला तेव्हा तो म्हणाला की कमिटीपुढे ठेवतो. त्याचा तो ‘कमिटी’चा सपाट उच्चार ऐकून बाईंच्या ओठांवर नक्कल आली होती. घरंदाज बाईला हे शोभणार नाही म्हणून त्यांनी ती गिळली. ही गिळलेली नक्कल पुढे लागणार आहे.

या तीन दिवसांत बाईंची काही चूक मला दिसत नाही. विचारायचं ते विचारलं, ज्याला विचारायचं त्याला विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण कमिटी नावाची जी गोष्ट आहे ती नेहमी पलीकडच्या खोलीत असते. गुरुवारी लेखी उत्तर मागितलं असतं तर बरं झालं असतं, पण ते मिळालंच असतं असं म्हणवत नाही.

शनिवार

पाऊस पडत होता. बाई नवऱ्याला बरोबर घेऊन पाऊण तास आधी पोचल्या. त्या पुरुषाकडून प्रत्यक्ष काही होईल असं नव्हे, पण पुरुष म्हणून त्याचं जे वजन पडतं ते पडावं हा हिशोब. हॉलमध्ये ना होलोहन, ना फिट्झपॅट्रिक. कमिटीवरच्या मिस बेर्न भेटल्या. आम्ही आमच्या परीने सगळं केलं, असं त्या म्हणाल्या. होलोहन सापडला तेव्हा त्याने पुन्हा चेंडू फिट्झपॅट्रिककडे टोलवला. पैसे मिळाल्याशिवाय मुलगी बाहेर जाणार नाही, हे बाईंनी स्वच्छ सांगितलं.

वेळ उलटून गेली. हॉलमधून टाळ्या, मग पाय आपटणं, शिट्ट्या. पहिला गाणारा मिस्टर बेल घाबरून थरथरत असलेला. मिस्टर कर्नी दाढी कुरवाळत उभे. शेवटी फिट्झपॅट्रिक घाईघाईने आत आला, मागोमाग धापा टाकत होलोहन, आणि फिट्झपॅट्रिकने बाईंच्या हातावर चार नोटा मोजून ठेवल्या. निम्मे आता, निम्मे मध्यंतरात. बाई म्हणाल्या, यात चार शिलिंग कमी आहेत.

आकडे मांडून पाहावेत. ८ गिनींचे निम्मे ४ गिनी, म्हणजे ८४ शिलिंग. मिळाले ४ पौंड, म्हणजे ८०. फिट्झपॅट्रिकने गिनीचे पौंड करून टाकले होते. मुद्दाम केले असतील किंवा हातात चारच नोटा होत्या म्हणून केले असतील, पण कापले गेले ते नेमके प्रतिष्ठेचे चार शिलिंग. लोक शिट्ट्या मारत असताना चार शिलिंगांसाठी अडून बसणारी बाई कंजूष वाटते खरी. ऑर्मंड कीवरच्या दुकानापासून गिनीतल्या करारापर्यंतची वाट मात्र त्या चार शिलिंगांचीच होती.

आणि त्याच क्षणी कॅथलीनने स्कर्ट सावरला, मिस्टर बेलला चला म्हणाली, आणि दोघं स्टेजवर गेली. आईचं वाक्य हवेत राहिलं.

पहिला भाग, लंडनहून आणलेल्या गायिका मादाम ग्लिनचं ‘किलार्नी’ हे जीर्ण गाणं वगळता, झकास झाला. पण मध्यंतरात कलाकारांच्या खोलीत दोन तट पडले. एका कोपऱ्यात कमिटीचे लोक, बॅरिटोन आणि बेस हे खालच्या पट्टीचे दोन गायक, आणि वृत्तपत्रासाठी दोन ओळी लिहून देणार असलेला ओ’मॅडन बर्क. दुसऱ्या कोपऱ्यात बाई, नवरा, मिस्टर बेल, कॅथलीनची मैत्रीण मिस हीली आणि देशभक्तीपर कविता म्हणणारी तरुणी. बर्कने निकाल दिला: इतका लाजिरवाणा प्रकार आपण पाहिलेला नाही, कॅथलीन कर्नीची डब्लिनमधली संगीताची कारकीर्द संपली. बॅरिटोनचं मत विचारलं गेलं. त्याला फारसं बोलायचं नव्हतं, कारण त्याचे पैसे त्याला मिळाले होते. तरी तो म्हणालाच की बाईंनी इतर कलाकारांचा विचार करायला हवा होता. जॉइस हे एका वाक्यात सांगून पुढे जातो, पण प्रकरणाचा निकाल लावायचा तर हा पुरावा कळीचा आहे. कमिटीकडे पैसे अजिबात नव्हते असं नाही. कुणाला आधी द्यायचे ते त्यांनी ठरवलं होतं. मुलगी पुरुष असती तर असं वागवायची यांची छाती झाली नसती, असं बाईंच्या मनात येतं तेव्हा त्या खोलीतलं सगळ्यात खरं निदान त्या करत असतात.

मिस बेर्नचा सल्ला, एक पैसाही देऊ नका. होलोहन आणि फिट्झपॅट्रिक निरोप घेऊन आले: उरलेले ४ गिनी मंगळवारच्या कमिटीच्या बैठकीनंतर मिळतील, आणि मुलगी दुसऱ्या भागात वाजवणार नसेल तर करार मोडला असं समजून काहीच मिळणार नाही. बाईंनी उत्तर दिलं की आपण कुठलीही कमिटी पाहिलेली नाही, आणि चार पौंड आठ शिलिंग हातात पडल्याशिवाय मुलगी पाऊल टाकणार नाही.

हिशोब पुन्हा अचूक: १६८ वजा ८०, उरले ८८. पण करार ८ गिनींचा होता, आणि आता बाईंच्या तोंडून रक्कम पौंड-शिलिंगांत बाहेर पडली, दुकानाच्या गल्ल्यावर पडते तशी. दिवाणखान्यात न काढलेला विषय त्यांनी भर खोलीत काढला, वृत्तपत्राच्या माणसासमोर. होलोहन म्हणाला, थोडी तरी चाड ठेवा. मग ती गिळलेली नक्कल बाहेर आली. बाईंनी मान उडवून, तोऱ्याचा आवाज काढून होलोहनची टवाळी केली: चिटणिसांशी बोला, माझा काय संबंध, मी कोण बडा माणूस. होलोहन एवढंच म्हणाला की मी तुम्हाला घरंदाज बाई समजत होतो, आणि पाठ फिरवून गेला.

त्यानंतर त्यांच्या बाजूने कुणी राहिलं नाही. थकलेल्या पैशांवर वाद घालता आला असता, पण कुलीनतेचं प्रमाणपत्र मागे घेतलं जातं तेव्हा दाद मागायला जागा नसते. इतकी वर्षं बाई ज्यांच्याकडून ते मिळवायला झटत होत्या तीच ही मंडळी: शनिवारच्या पावसात भिजलेली, लेमोनेड वाटणारी, पत्रिका चघळणारी. त्यांच्या गावंढळपणाबद्दल बाईंना तिरस्कार होता, आणि त्यांच्याच मान्यतेवर सगळा डाव लावलेला होता.

निव्वळ डावपेच म्हणून पाहिलं तर पहिली अडवणूक यशस्वी झाली, कारण लोक खोळंबले होते आणि पर्याय कुणी शोधला नव्हता. दुसऱ्या वेळी तेच हत्यार बोथट झालं. मध्यंतरभर कमिटीला वेळ मिळाला, आणि पर्याय बाईंच्याच कोपऱ्यात उभा होता. मिस हीली कर्नींच्या घरी कितीदा तरी जेवूनखाऊन गेलेली. ती एक-दोन गाण्यांना साथ करायला तयार झाली. तिला रस्ता द्यायला बाईंना बाजूला सरकावं लागलं. मुलीला दुसरा भाग वाजवू देऊन मंगळवारी करारासह कमिटीपुढे उभं राहायचं, हा एक मार्ग उरला होता. त्यात पैसे बुडण्याचा धोका होता, पण नाव राहिलं असतं, आणि बुडवणारे उघडे पडले असते. बुधवारपासून एकही सरळ उत्तर न मिळालेल्या बाईने त्या मंगळवारावर का विसंबावं, याचं उत्तर मात्र मला देता येत नाही.

जॉइसला ही सभागृहं आतून माहीत होती. १९०४च्या फेश क्योलमध्ये तो स्वतः टेनर म्हणून उतरला होता. त्याच वर्षी २७ ऑगस्टला याच एन्शंट कॉन्सर्ट रूम्समध्ये तो जॉन मॅकॉर्मॅक या पुढे गाजलेल्या आयरिश टेनरबरोबरच्या कार्यक्रमात गायला. साथ करणारी पियानोवादक मध्येच निघून गेली, आणि त्याने स्वतः पियानोवर बसून आपलं गाणं निभावलं. वर्षभराने त्रिएस्तमध्ये लिहिताना निघून जाणाऱ्या वादकाला त्याने एक आई दिली.

कॅथलीन

सबंध प्रकरण जिच्या नावावर चाललं तिला काय हवं होतं हे कुणी विचारत नाही, कथाही नाही. मादाम ग्लिनला कुठून उकरून काढलं कोण जाणे, असं ती मिस हीलीला म्हणते. त्यात आईची नजर थोडी उतरलेली दिसते. लोक शिट्ट्या मारत असतात, होलोहन विनवण्या करत असतो, तेव्हा ती खाली मान घालून नव्या बुटाचं टोक हलवत राहते: तिचा काही दोष नव्हता. रेशीम आईने लावलेलं, आणि बूट, बहुधा, बापाच्या धंद्यातला. आणि एकदाच ती आईला न विचारता उठते, चार शिलिंगांचं वाक्य चालू असताना. तेव्हा ती पियानोकडे जाते. तिच्या शिक्षणाचा, फीचा, सगळ्या खटाटोपाचा उद्देश हाच असायला हवा होता ना, की मुलीने वाजवावं?

मध्यंतरात ती पुन्हा तसं उठत नाही. बाई होलोहनला म्हणतात, मी माझा हक्क मागते आहे. करार मुलीचा, हक्क आईचा. आवेशाच्या भरात त्या खरं बोलून गेल्या. पुढच्या भागाचे पहिले सूर कानावर पडताच त्यांनी बाहेर जाताना पांघरायचा मुलीचा झगा उचलला. दारात होलोहनला ऐकवलं की अजून तुला सोडलेलं नाही. तो म्हणाला, माझ्याकडून संपलं. कॅथलीन मुकाट्याने आईमागे गेली. होलोहन तापलेल्या डोक्याने येरझाऱ्या घालत राहिला, आणि ओ’मॅडन बर्क छत्रीवर रेलून त्याला म्हणाला की तू केलंस ते योग्यच केलंस.

कारकीर्द संपल्याचा निकाल बर्कचा आहे, जॉइसचा नाही. जॉइसच्याच १९२२च्या ‘युलिसिस’ या कादंबरीत, १६ जून १९०४ च्या डब्लिनमध्ये, ही मंडळी पुन्हा भेटतात. होलोहनचं नाव बोलण्याच्या ओघात येतं, आणि बर्क वृत्तपत्राच्या कचेरीत, पुन्हा छत्रीसकट. गायिका मॉली ब्लूम रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शहरातल्या तरुण गाणाऱ्या मुलींच्या नावाने बोटं मोडते, तेव्हा कॅथलीन कर्नीचं आणि तिच्या कंपूचं नाव घेते: किंचाळणाऱ्या, राजकारणावर बडबडणाऱ्या पोरी. प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांचा राग यावा अशांच्या यादीत ती आहे. तिची आई त्या कादंबरीत कुठेच येत नाही.